टाकीतली शाई आणि कागदावरचा आकडा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा गणपती पेठेतील आमच्या दुकानात छातीइतके पाणी होते. धोक्याची पातळी ४५ फुटांची. २००५ चा पूर पाहिलेल्या मामंजींनी त्या वेळच्या खुणेच्या वर हातभर अंतर सोडून माल आणि कागद चढवून ठेवले होते; पाणी त्याही वर आले. हळद, गूळ, मिरची गेली ती गेलीच, तिचा पंचनामा झाला. कपाटातील फायली मात्र आम्ही वरच्या मजल्यावर घरात आणल्या आणि पंख्याखाली, दोऱ्यांवर, खाटांवर एकेक पान सुटे करून वाळत घातले.

तेव्हा जे दिसले त्यावरून हा लेख लिहावासा वाटला. दुकानातील जुन्या डॉट मॅट्रिक्स यंत्रावर काढलेली बिले चिखलाचे डाग सोडले तर वाचता येत होती. पुण्या-मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून आलेली, लेसर प्रिंटरवर छापलेली बीजकेही शाबूत होती. पण आमच्या घरच्या प्रिंटरवर, म्हणजे मोठ्या कौतुकाने घेतलेल्या टाकीच्या प्रिंटरवर छापलेल्या कागदांवर निळसर-जांभळे ढग तेवढे उरले होते. त्यांत ४१ कागद असे होते की ज्यांच्याकडे पाहून मामंजी बराच वेळ काही बोलले नाहीत. खेड्यापाड्यांतील किरकोळ दुकानदारांकडून मार्चअखेर घेतलेली ती बाकी कबुलीची पत्रे होती. खाली बॉलपेनने केलेली सही स्वच्छ दिसत होती. वर किती रुपये येणे आहेत तो आकडा मात्र पार धुऊन गेला होता. सही आहे, पण ती कशावर केली ते सांगता येत नाही, असा कागद व्यापाऱ्याच्या काय उपयोगाचा?

हा प्रिंटर घेण्याचा आग्रह माझाच होता, हे आधी कबूल करते. म्हणून त्याची दुसरी बाजूही तितक्याच मोकळेपणाने मांडणे मला भाग आहे. पुरात कागद गेले म्हणून यंत्रच वाईट ठरवणे हा न्याय नव्हे.

आमच्या घरी त्याआधी कार्ट्रिजचा प्रिंटर होता. त्या प्रिंटरचा व्यवहार आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको. यंत्र अगदी कमी किमतीत द्यावयाचे आणि पुढे वर्षानुवर्षे शाईवर नफा काढावयाचा, हे त्याचे गणित. लहान कार्ट्रिजमधून शंभर-दोनशे पाने निघत. मुलांच्या शाळेचे दोन प्रकल्प आणि एखाद्या लग्नाची यादी छापली की कार्ट्रिज संपले. दोन-तीन कार्ट्रिजच्या पैशांत नवा प्रिंटरच येईल, असा हिशेब घरोघर ऐकू येई. लोकांनी त्यावर तोड काढली होती. सुईने कार्ट्रिजमध्ये शाई भरून देणारी दुकाने निघाली; कोणी यंत्राच्या बाजूला बाटल्या लावून त्यांच्या नळ्या आत सोडून देऊ लागले. शाईचे डाग हातांना, टेबलाला आणि कधीकधी ग्राहकाच्या सदऱ्यालाही पडत, पण काम भागत असे.

हीच तोड इंडोनेशियातही फार चालत होती. शेवटी एप्सन कंपनीने २०१० साली तेथेच मूळ टाकी बसवलेला प्रिंटर बाजारात आणला. यंत्राची किंमत वाढवली आणि शाईची उतरवली, म्हणजे आपल्याच जुन्या व्यवहाराचे पारडे उलटे केले. भारतात तो लवकरच आला. पुढे कॅनन, एचपी, ब्रदर यांनीही तीच वाट धरली. ग्राहकाची चोरवाट कारखानदाराने राजमार्ग म्हणून स्वीकारल्याचे असे उदाहरण क्वचितच सापडते.

आम्ही २०१६ च्या दिवाळीत हे यंत्र घेतले, तेव्हा भावजींनी कागदावर हिशेब मांडला होता. तो आजही लागू आहे. समजा, टाकीचा प्रिंटर कार्ट्रिजच्या प्रिंटरपेक्षा सात हजार रुपयांनी महाग पडतो. कार्ट्रिजवर एका पानाला चार रुपये शाई लागते असे धरा. टाकीच्या काळ्या शाईची बाटली साडेचारशे रुपयांची आणि तिच्यातून साडेचार हजार पाने निघतात असे धरले, तर पानामागे दहा पैसे होतात. प्रत्येक पानावर तीन रुपये नव्वद पैसे वाचतात. म्हणजे सुमारे अठराशे पानांनंतर जादा घातलेले सात हजार परत येतात. रोज पाच पाने छापणाऱ्या घराला हे सुमारे वर्षभरात साधते. महिन्याला दहा पाने छापणाऱ्या घराला मात्र पंधरा वर्षे लागतात, आणि तितके दिवस ते यंत्र जगेल अशी आशा कोणी धरू नये. दर तुमच्या गावचे घाला, रीत हीच.

या हिशेबात एक गंमतही आहे. पाचशे कागदांचे रीम अडीचशे-तीनशे रुपयांना पडते असे धरले, तर कोऱ्या कागदालाच पन्नास-साठ पैसे लागतात. म्हणजे टाकीच्या प्रिंटरवर शाईपेक्षा कागद महाग! आमच्या घरी तर यंत्र आल्यापासून कागदाचा खप तिपटीने वाढला. पाठशाळेच्या मुलांचे प्रश्नसंच, पत्रिकांचे नमुने, नातेवाइकांच्या प्रवासाची तिकिटे, शेजारच्या मुलीचा नकाशा, जे ते ‘काढ एक पान’ म्हणून येई. स्वस्ताईने खर्च कमी होतोच असे नाही, हे आपण धान्यबाजारात अनेकदा पाहिले आहे.

बाटलीवर लिहिलेला पानांचा आकडा कसा काढतात, हेही समजून घेतले पाहिजे. ठरावीक नमुन्याची पाने लागोपाठ छापून ती संख्या काढलेली असते. आपले घर लागोपाठ छापत नाही. आज दोन पाने, मग चार दिवस काही नाही, असे चालते. शिवाय नव्या यंत्रासोबत मिळालेल्या पहिल्या बाटल्यांतील बरीच शाई नळ्या भरण्यातच जाते, म्हणून पहिल्या खेपेला पाने कमी निघतात. आम्हाला तेव्हा वाटले की दुकानदाराने फसवले. तसे नव्हते.

खरी अडचण निराळीच आहे. शाई ज्या छिद्रांतून कागदावर उडते ती केसाहूनही बारीक असतात. यंत्र पडून राहिले की त्यांच्या तोंडाशी शाई सुकते. २०१८ च्या फेब्रुवारीत आम्ही सारे श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेकाला गेलो. तेथून परस्पर नणंदेच्या घरचे लग्न उरकून परतलो. मध्ये दीड महिना प्रिंटरला कोणी हात लावला नव्हता. परत आल्यावर पहिले पान काढले, तर प्रत्येक ओळीत पांढरे आडवे पट्टे. साध्या पत्रात ते चालून गेले असते. पण इंग्रजी सातावरची आडवी रेघ उडाली की त्याचा एक दिसतो, हे हिशेबाच्या कागदावर पाहिले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

अशा वेळी यंत्रात ‘हेड क्लीनिंग’ची सोय असते. ती बटणासरशी चालते, म्हणून सोपी वाटते. पण प्रत्येक खेपेला चारही रंगांची शाई छिद्रांतून ओढून आतल्या स्पंजवजा गादीत टाकून दिली जाते. आम्ही दिवसभरात सात-आठ वेळा बटण दाबले आणि टाकीची रेघ डोळ्यांदेखत खाली आली. ती गादीही कधीतरी भरते. भरली की यंत्र छापणे थांबवते, आणि मग कारागिराकडे जावे लागते. काही नव्या यंत्रांत ती डबी घरच्या घरी बदलता येते. हेडच कामातून गेले तर त्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या बराच जवळ जाऊ शकतो. काही कंपन्यांच्या यंत्रांत हेड सुटे असून ग्राहकाला स्वतः बदलता येते, काहींत ते आत पक्के बसवलेले असते. खरेदीच्या वेळी हा प्रश्न कोणी विचारत नाही. आम्हीही विचारला नव्हता.

कारागिराने आम्हाला एक गोष्ट सांगितली, ती दुकानदार मंडळींनी आवर्जून ध्यानात ठेवावी. रात्री दुकान वाढवताना मेन स्विच पाडण्याची आपली रीत असते. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला, तर हेड एका कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीखाली झाकले जाते. छपाईच्या अधेमधे बाहेरून वीज तोडली तर ते उघडेच राहते आणि रात्रभरात सुकते. आधी यंत्राचे बटण, मग भिंतीचे. यापलीकडे आठवड्यातून एकदा चारही रंग असलेले एक पान काढले तर बहुतेक वेळा छिद्रे मोकळी राहतात. शाईची पातळी खालच्या रेघेखाली जाऊ देऊ नये, नाहीतर नळीत हवा शिरते. आणि भरलेल्या टाकीचे यंत्र आडवे करून रिक्षातून नेऊ नये. हे शेवटचे आमच्या भावजींनी करून पाहिले आहे. रिक्षावाल्याला सीटच्या आच्छादनाचे पैसे द्यावे लागले.

आता त्या ४१ पत्रांकडे वळते, कारण या साऱ्या गुणदोषांत व्यापारी घराला सर्वांत जवळचा मुद्दा तोच आहे, आणि प्रिंटर घेताना नेमका तोच बोलण्यात येत नाही.

घरगुती प्रिंटरची शाई दोन जातींची असते. एकीला डाय म्हणतात. तिच्यात रंग पाण्यात साखरेसारखा पूर्ण विरघळलेला असतो. दुसरी पिगमेंट, तिच्यात रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात आणि पाणी उडून गेल्यावर ते कागदाच्या तंतूंना धरून बसतात. डाय शाईचे रंग झळझळीत येतात, छायाचित्रे सुरेख दिसतात. पण वाळलेल्या कागदावर पाणी पडले की ती पुन्हा विरघळून पसरते. उन्हात आणि दमट हवेतही ती लवकर विटते. काळी पिगमेंट शाई म्हणजे बहुतांशी कार्बनचे कण, आपल्या आजोबा-पणजोबांच्या वह्यांतील काजळाच्या शाईची दूरची नात. काही टाकीच्या प्रिंटरांत काळी शाई पिगमेंट आणि बाकीचे तीन रंग डाय असतात. काहींत चारही डाय. केवळ काळे छापणारी, पिगमेंट शाईची टाकीची यंत्रेही मिळतात. आमच्या यंत्रात चारही डाय होत्या. बाटलीच्या खोक्यावर ते लिहिलेले असते. मी ते पुरानंतर वाचले.

लेसरमध्ये शाई नसतेच. टोनर म्हणजे रंगीत प्लास्टिकची भुकटी, ती उष्णतेने वितळवून कागदाला चिकटवलेली असते. पाण्याने ती हलत नाही. डॉट मॅट्रिक्सच्या फितीची शाई तेलकट, आणि कार्बनची प्रत मेणकट. म्हणून तीही तगते. बॉलपेनची शाई तेलकट, म्हणून सह्या राहिल्या. दोऱ्यावर वाळणाऱ्या त्या कागदांचे कोडे इतके साधे होते.

कागद टिकण्याची गरज किती, हे कायद्याच्या भाषेत सांगायचे तर, जीएसटीखाली हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. संगणकातील नोंदी त्यासाठी चालतात, आणि कोणी म्हणेल की फाईल शिल्लक असली तर पुन्हा छापता येईल. बिलांच्या बाबतीत ते खरे आहे; आमची बरीच बिले वरच्या मजल्यावरील संगणकातून पुन्हा निघालीही. पण समोरच्याची सही असलेला कागद पुन्हा छापता येत नाही. उधारीची मुदत सामान्यतः तीन वर्षांची. ती संपण्याआधी देणेकऱ्याने लेखी कबुली सहीनिशी दिली तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. बाकी कबुलीच्या पत्राचे मोल ते हेच. संगणकात आकडा होता, पण तो आमच्या बाजूचा होता.

पूर ओसरल्यावर मामंजी त्या गावांना स्वतः गेले. वारणेकाठच्या आणि कृष्णाकाठच्या त्या दुकानदारांचीही दुकाने पाण्याखालीच गेली होती; काहींच्या घराच्या भिंती खचल्या होत्या. अशा वेळी बाकीची गोष्ट काढायची कशी, म्हणून पहिल्या खेपेला ते नुसते धान्य आणि सतरंज्या घेऊन गेले. पत्रांचा विषय दिवाळीनंतर निघाला. ३६ जणांनी आमचा आकडा मान्य करून पुन्हा सह्या दिल्या. एकाने तर आपल्या वहीत आमच्याकडच्यापेक्षा अकराशे रुपये जास्त असल्याचे दाखवले, आणि तेच खरे निघाले. तिघांशी घासाघीस झाली. दोघांनी ती बाकी आपली नव्हेच असे सांगितले. मामंजींनी ती नावे सोडून दिली. दोन्ही मिळून रक्कम लहान नव्हती, इतकेच येथे लिहिते.

या अनुभवानंतर आमच्या घरी जे ठरले ते सर्वांना जसेच्या तसे लागू पडेल असे मी म्हणत नाही. दुकानात आता काळे छापणारा एक लेसर आहे, जमिनीपासून सात फुटांवरच्या पोटमाळ्यावर. त्याचेही दोष आहेत. मूळ कंपनीचा टोनर घेतला तर पानाला रुपयाच्या पुढे खर्च येतो. छापताना तो इतकी वीज खेचतो की लहान इन्व्हर्टरवर चालवणे शहाणपणाचे नाही; टाकीचा प्रिंटर मात्र एखाद्या दिव्याइतक्या विजेवर चालतो, आणि दिवे गेल्यावरही आमच्या घरच्या इन्व्हर्टरवर त्याने पुष्कळदा वेळ निभावून नेली आहे. पण लेसर महिनाभर झाकून ठेवला तरी पहिले पान स्वच्छ येते. म्हणून ज्या घरी छपाई कधीमधी आणि काळीच असते, त्यांनी टाकीच्या मोहात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मालाच्या बीजकाच्या तीन प्रती, एक ग्राहकाला, एक वाहतूकदाराला आणि एक आपल्याकडे, एका ठोक्यात हव्या असतील, तर म्हातारा डॉट मॅट्रिक्स आजही उजवा आहे. आवाज करतो, पण बिचारा पुरातून तगलेले बिल देतो.

टाकीचा प्रिंटर शोभतो तो रोज दहा-वीस पाने, त्यातही रंगीत, लागणाऱ्या घराला. शाळेत जाणारी दोन-तीन मुले, घरूनच चालणारा कापडाचा किंवा दागिन्यांचा धंदा, ज्याला मालाची रंगीत चित्रे ग्राहकाला द्यावी लागतात, मंडळाची पत्रके. तेथे त्याच्याइतके स्वस्त काही नाही. घेताना काळी शाई पिगमेंट आहे का, हेड सुटे मिळते का, गादी कोण बदलतो, आणि तुमच्या गावात कारागीर आहे की यंत्र कोल्हापूर-पुण्याला धाडावे लागते, इतके विचारावे. वॉरंटीत वर्षांबरोबर पानांचीही मर्यादा असते. दोन्हींपैकी जी आधी गाठली जाईल ती धरतात. बाहेरची स्वस्त शाई भरली आणि हेड बिघडले तर ती वॉरंटी सांगता येत नाही. साडेचारशेच्या बाटलीत दीडशे वाचवण्यासाठी हजारोंचे हेड पणाला लावणे कोणत्याच पेढीच्या हिशेबात बसणार नाही.

आणि सहीचा कागद डाय शाईत छापू नये. छापलाच तर रकमेचा आकडा अक्षरांसह बॉलपेनने समोरच्याच्या हातून लिहून घ्यावा. आमच्याकडे आता लेसरवर छापलेल्या पत्रावरही ती ओळ रिकामी सोडली जाते आणि दुकानदार ती स्वतःच्या अक्षरांत भरतो.

जुना टाकीचा प्रिंटर मात्र अजून घरात आहे, आणि चालतो. रविवारी सकाळी माझी मुलगी त्याचे चाचणीचे पान काढते. त्यावर चार रंगांच्या बारीक पायऱ्यापायऱ्यांच्या रेषा उमटतात. मामंजी ते पान खिडकीपाशी नेतात, पंचांग पाहण्याचे भिंग काढतात आणि एकही रेषा तुटलेली नाही ना हे चारही रंगांत तपासल्यावरच ते तिच्या हाती परत देतात. पाठीमागची बाजू कोरी असते. तिच्यावर ती गणिते सोडवते.